शिल्लक रजा

२ जानेवारी, सोमवार

निवृत्तीला सहा महिने उरले. ही म्हणाली, "नोकरी सुटली की तुम्ही माझ्या डोक्यावर बसणार. त्यापेक्षा आत्तापासून रोज लिहायची सवय लावा, काय झालं ते." मी म्हणालो, रोज काही होत नाही. "मग तेच लिहा," म्हणाली.

तर लिहितो. आज काही झालं नाही. जलशुद्धीकरण केंद्रावर आठला पोचलो, पंप तपासले, गाळणीचा तिसरा हौद धुऊन घेतला, तुरटीची मात्रा पाहिली. पाचला घरी.

मी कामावर नाही असं फारसं कधी झालेलं नाही. केंद्रावर मला कुणी नावाने हाक मारत नाही, 'हजर' म्हणतात. तरुण पोरं 'हजरभाऊ' म्हणतात. आमच्याकडे न घेतलेली रजा साठत जाते आणि निवृत्तीच्या दिवशी खातं ती शेवटच्या पगाराच्या दराने विकत घेतं. म्हणजे तिशीत मी जो दिवस घरी लोळून घालवला असता तो कवडीमोलाने गेला असता. तोच दिवस आता चांगल्या भावाने जाणार. हे गणित मी हिला लग्नानंतर समजावलं आणि ही माझ्यापेक्षा पक्की निघाली. लेक जन्मली त्या दिवशीसुद्धा हिने निरोप पाठवला होता, पाळी संपवूनच या, पोरगी काही पळून जात नाही.

खात्याचं हे घर निवृत्तीनंतर सोडावं लागेल. मागच्या रस्त्यावर इमारत बांधतायत, तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल आणि बाल्कनी असं घर नोंदवलंय. लेक आणि नात आमच्याबरोबर राहतील. फारकत झाल्यापासून त्या दोघी एका गॅरेजवरच्या खोलीत दिवस काढतायत. घराचा शेवटचा हप्ता रजेच्या पैशांतून. त्याच्यावरच सगळं अडलंय.

१७ जानेवारी, मंगळवार

हिने शिवणाच्या क्लासात नाव घातलंय. सोमवारी आणि बुधवारी, सकाळी नऊ ते दुपारपर्यंत. मी हसलो. वसाहतीतल्या अर्ध्या लोकांचे कपडे शिवून झाले, आता ही काय शिकणार? "नवीन कटिंग आलंय. कॉलर आता वेगळी लावतात," म्हणाली. फी विचारली तर म्हणाली, ओळखीचे आहेत, घेत नाहीत.

मला बरंच वाटलं. जुलैपासून दोघांनी दिवसभर एकमेकांची तोंडं बघायची म्हणजे एकाला तरी क्लास असलेला बरा.

५ फेब्रुवारी, रविवार

केस कापून आली, पार मानेवर. वर पिवळा रुमाल बांधलाय. म्हणाली, उन्हाळा येतोय, आणि मशिनवर वाकलं की केस मध्ये येतात.

दुपारी लेक आणि नात आल्या. नात म्हणाली, "आजी मुलगा झाली." लेक म्हणाली, "आई, किती बारीक झालीस." ही म्हणाली, "क्लासला चालत जाते. तूही चाल, तुझंही पोट उतरेल." लेक गप्प बसली. हिच्या तोंडी लागायचं नसतं हे तिला फ्रॉक घालायची तेव्हापासून माहीत आहे.

हिला तिखट चालेनासं झालंय. दाताचं काहीतरी. भाजी मला चाखायला लावली, म्हणाली, मला हल्ली चव कळत नाही. खारट झाली होती. बोललो नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

हिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापूस आणि चिकटपट्टी. पिन लागली म्हणाली. हिला पिन लागलेली मी कधी पाहिली नव्हती. चिडवलं, क्लासला जाऊन होतं तेही विसरलीस. हसली. मग संध्याकाळभर पडून राहिली.

जेवताना एकदम म्हणाली, "अहो, उद्या नाही गेलात तर?"

"कुठे?"

"कामावर."

मी बघतच राहिलो. "का, काय आहे उद्या?"

"काही नाही. उगाच. बसू आपण दोघं."

म्हटलं, आता, शेवटच्या चार महिन्यांत? जुलैपासून बसायचंच आहे की. ती ताट घेऊन आत गेली. आतून म्हणाली, "परीक्षा घेत होते तुमची. पास झालात."

मी पास होणारच होतो.

९ मार्च, गुरुवार

पंपघरातल्या माझ्या जोडीदाराला आम्ही 'मिशा' म्हणतो. मिशा त्याने केव्हाच काढल्या, नाव राहिलं. आज दुपारी डबा खाताना त्याने विचारलं, "वहिनींचं कसं आहे आता?"

"कसं म्हणजे? मजेत आहे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूहळू सांगितलं. काल तो मेव्हण्याला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेला होता. कॅन्सरच्या विभागात, पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. हाताला नळी होती. त्याला वाटलं, मला माहीत असणारच.

मी म्हणालो, "बुधवारी ती क्लासला असते."

"बरं," मिशा म्हणाला. त्याने डबा बंद केला. "हजर, दुपारचे व्हॉल्व्ह मी बघतो. तू बस इथे."

बसलो. पंपांचा आवाज होता, म्हणून बरं.

१० मार्च, शुक्रवार

पाचला सुटल्यावर परस्पर रुग्णालयात गेलो. पहिल्या मजल्यावर एक परिचारिका कपाट लावत होती. हिचं नाव सांगितलं. "तुम्ही कोण?" म्हणाली. म्हटलं, नवरा. "मग तुम्हाला सगळं माहीतच आहे."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बायकोचं मला काही माहीत नाही असं परक्या बाईला कसं सांगायचं? माझ्या 'हो'वर विश्वास ठेवून ती बोलत गेली आणि मला कळत गेलं. ऑक्टोबरमध्ये सापडलं. पोटात. बरं होण्याची गोष्ट डॉक्टरांनी कधी केलीच नव्हती, औषधाने थोडे दिवस वाढतील एवढंच. "पण बाई धीराच्या. आम्हालाच हसवतात. डॉक्टरांना म्हणाल्या, कसंही करून जून गाठून द्या, पुढचं मी मागणार नाही."

जूनच का, ते परिचारिकेला माहीत नव्हतं.

घरी आलो तर म्हणाली, उशीर झाला. म्हटलं, पंप बिघडला होता.

११ मार्च, शनिवार

आज दिवसभर विचार केला, बोलावं का. आमच्या घरात ज्याने लपवलं त्यानेच सांगायचं असतं, दुसऱ्याने उकरायचं नाही. लेकीच्या फारकतीच्या वेळी हेच झालं. आम्हाला दोघांनाही कळलं होतं, पण ती स्वतः सांगेपर्यंत आम्ही येणार नसलेल्या जावयासाठी ताट वाढून ठेवत होतो.

आणि बोललो तर विषय रजेवर येणार. तिने एवढं सगळं एकटीने सोसलं ते माझी रजा मोडू नये म्हणून. मी मोडली हे तिला कळलं तर तिने सोसलेलं फुकट गेलं. न मोडावी तर ती तिकडे खिडकीत बसणार आणि मी इकडे तुरटी मोजणार.

शेवटी ठरवलं, फक्त सोमवार-बुधवार मोडायचे. तिला न सांगता.

आस्थापनेच्या कारकुनाने अर्ज पाहिला आणि चष्मा काढून पुसला. "तुम्ही? रजा?"

"सोम-बुध."

"हजरभाऊ, आज एका दिवसाला काय भाव आहे तुम्हाला माहीत आहे ना? हातातोंडाशी आलेला घास आहे हा."

म्हटलं, घरी जरा काम आहे. त्याने सही केली, पण मला वाटतं त्याला दुःख झालं.

१३ मार्च, सोमवार

नेहमीप्रमाणे साडेसातला डबा घेऊन निघालो. कोपऱ्यावरून वळलो आणि केंद्राऐवजी रुग्णालयाच्या बसमध्ये बसलो. दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाशेजारी एक बाक आहे. तिथे बसलो. वर्तमानपत्र विकत घेतलं.

नऊला दहा कमी असताना ही बसमधून उतरली. पायऱ्यांशी थांबून श्वास घेतला, कठड्याला धरून चढली. थोड्या वेळाने पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत पिवळा रुमाल दिसला. बारा वाजून गेल्यावर नाहीसा झाला. मग ही बाहेर आली, बसमध्ये बसली, गेली. मी पाचपर्यंत इकडेतिकडे फिरून घरी गेलो.

"काय म्हणतोय क्लास?" मी विचारलं.

"बाह्या चालू आहेत. पंप कसे आहेत?"

"ठीक."

एका दिवसाच्या पगारात मला एक पिवळा रुमाल दिसला, तोही लांबून. कारकुनाला कळलं तर वेड्यात काढेल. पण पंपघरात बसून तेवढाही दिसला नसता.

२२ मार्च, बुधवार

निघताना हिने माझ्या हातात टोपी दिली. "ऊन वाढलंय." पंपघरात कुठलं आलंय ऊन? पण वाद कशाला म्हणून घेतली. बाकावर अकरानंतर खरंच ऊन येतं, बरं झालं.

आज ही खिडकीत तोंड बाहेरच्या बाजूला करून बसली होती. एरवी पाठ असते. तिकडून उजेड चांगला येत असेल.

२९ मार्च, बुधवार

हिने जुन्या उशीचं एक आसन शिवलं आणि डब्याच्या पिशवीत घातलं. म्हणाली, लाकडावर बसून बसून कंबर धरते माणसाची. पंपघरातली खुर्ची लोखंडी आहे, हे तिला कधी सांगितलेलं दिसत नाही. काही म्हणा, आसन छान झालंय. क्लासचा उपयोग नाही असं नाही, असं मनात आलं आणि मग आठवलं, क्लास नाहीच.

दहाच्या सुमाराला तिने खिडकीत हात वर केला. मी घाईने वर्तमानपत्राआड झालो. बहुतेक पडदा सारत असावी. थोड्या वेळाने पाहिलं तर हात परत वर होता. पडदा अडकला असणार.

५ एप्रिल, बुधवार

आता डबा जड असतो. सोमवार-बुधवारी जास्त देते, बाकीच्या दिवशी नेहमीएवढा. तिचं स्वतःचं जेवण चार घासांवर आलंय. सुटल्यावरही हल्ली लगेच बस धरत नाही. पायऱ्यांवर बसून राहते, कधी अर्धा तास. माझी बस तिच्यानंतरची, त्यामुळे मीही बसतो. रस्त्यावरून गाड्या जातात, मध्येच ट्रक येतो आणि ती दिसेनाशी होते, ट्रक गेला की परत दिसते.

काळजी वाटते. एवढी दमत असेल तर घरी जाऊन पडायचं सोडून पायऱ्यांवर का बसते?

१९ एप्रिल, बुधवार

आज ही लवकरच बाहेर आली, साडेनऊलाच. बसथांब्याकडे वळली नाही. दोन्ही बाजूंना पाहून सरळ रस्ता ओलांडायला लागली. मी वर्तमानपत्र वर धरलं.

वर्तमानपत्रापलीकडून आवाज आला, "सरका थोडे."

सरकलो. ती बसली. बराच वेळ श्वास घेत होती.

"कालचं आहे ते," वर्तमानपत्राकडे पाहून म्हणाली. "द्या तो डबा."

उघडला, एक घास खाल्ला, झाकण लावलं. मी विचारलं, "केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. पंपघरात जाणारा माणूस चांगले बूट घालून निघत नाही. आणि त्या खिडकीतून सगळा रस्ता दिसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात? बोलले असते तर तुम्हाला कामावर पाठवावं लागलं असतं." मग म्हणाली, "बरं वाटायचं मला. हात केला तर पेपरात तोंड घालायचात. काय माणूस आहे, म्हणायचे."

 तिने आपलं आपण सांगितलं, सोमवारपासून यायचं नाही. आत डॉक्टर म्हणाले, औषध आता काही करत नाही, त्रासच देतंय. घरी राहा.

"किती मोडलीत?" म्हणाली. सांगितलं. तिने ओठ हलवून गुणाकार केला. "म्हणजे बाल्कनी गेली."

"आता बाकीचीही मोडतो. उद्यापासून घरी."

"अजिबात नाही. मग मी कशासाठी केलं हे सगळं?"

"मी विचारलं होतं का तुला असं कर म्हणून?"

"मग काय करायला हवं होतं? ऑक्टोबरात सांगायचं आणि तुम्हाला समोर बसवून ठेवायचं, इतके महिने? लेकीला काय, गॅरेजवर म्हातारी करायची?" तिचा आवाज चढला, औषधवाल्याने वळून पाहिलं. मग हळू म्हणाली, "आणि एक सांगू? तुम्ही घरी बसलात की मला दिवसभर आजारी राहावं लागेल. तुम्ही कामावर असलात की मी नुसती घरी असते."

 तिचं खरं असेल. पण मी म्हणालो, मी मोडणार. पगाराचे पैसे मी मिळवले आहेत, दिवसही माझे आहेत, मी ते कुठे घालवायचे ते मी ठरवणार. एवढं सलग मी हिच्याशी कधी बोललो नव्हतो.

तिने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "तसं असेल तर तिसऱ्या मजल्याचं सोडा. त्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीचं आहे, ते घ्या. तुम्ही हॉलमध्ये झोपा. नाहीतरी एक माणूस कमीच धरायचाय."

मला हसू आलं. तीही हसली. आम्ही दोघं तिथे हसत बसलो आणि एक बस निघून गेली.

२३ एप्रिल, रविवार

लेकीला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती चिडली. अशी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"ऑक्टोबरपासून? आई, मी दर रविवारी येत होते. दर रविवारी."

ही म्हणाली, "तुला तिकडे नोकरी, पोरगी..."

"माझं मी बघितलं असतं. मला कुणी विचारलं? तुम्ही दोघांनी आपसात ठरवून टाकलं, कुणी किती दिवस द्यायचे, कशासाठी द्यायचे. घर माझ्यासाठी म्हणे. मी मागितलं होतं का घर?" मग माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला निदान बाकावर तरी बसायला मिळालं."

नात दारात उभी होती. हिने तिला जवळ बोलावलं, पण ती आईकडे गेली.

आमच्या दोघांच्या मनात हे कधी आलंच नव्हतं, की आम्ही लेकीचेही दिवस खर्च करतोय.

संध्याकाळी लेक जाऊन कपडे घेऊन आली. दोघी आता इथेच राहतील. रात्री ती हिच्या पायांना तेल लावत होती. 

२ मे, मंगळवार

खरं लिहायचं तर कंटाळा आला. लिहायला लाज वाटते, पण आला. दोन आठवडे झाले, मी घरी आहे. लेक कामावर जाते, नात शाळेत जाते, आम्ही दोघं बसतो. बोलण्यासारखं पहिल्या तीन दिवसांत संपलं. आयुष्यभर आम्ही संध्याकाळी तासभर बोलणारी माणसं, तेवढाच साठा असायचा.

आज रेडिओवरून भांडलो. तिला नको होता, मला हवा होता. मी बंद केला तर म्हणाली, आता शांतता कानात वाजते, लावा. लावला तर म्हणाली, हे काय लावलंत. मी उठून दाराबाहेर उभा राहिलो. मनात आलं, या वेळेला मिशा हौद धुवत असेल. मला तिथे असायला आवडलं असतं. ज्या दिवसांसाठी तिसऱ्या मजल्याचं घर सोडलं ते हे दिवस.

आत आलो तर म्हणाली, "अहो, एक करा. माझ्याकडे बघत बसू नका. तुम्ही श्वास मोजता माझे, मला कळतं."

मी मोजत होतो. बंद केलं. म्हणजे प्रयत्न केला.

११ मे, गुरुवार

आज दुपारी तिला जरा बरं होतं. उशा पाठीला लावून बसली. म्हणाली, "पाणी कसं साफ करता हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिकडे करता काय दिवसभर? इतकी वर्षं डबा दिला, कधी विचारलं नाही."

खरंच, तिने कधी विचारलं नव्हतं, मीही कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, नदीचं पाणी येतं, गढूळ. त्यात तुरटी घालायची. मातीचे बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते तुरटीने एकमेकांना चिकटतात, गोळा होतात, जड होतात. मग पाणी मोठ्या हौदात सोडायचं आणि ढवळायचं नाही. गाळ आपोआप खाली बसतो.

"आणि तुम्ही काय करता?"

"लक्ष ठेवतो."

"म्हणजे काहीच करत नाही. नुसती वाट बघता आणि त्याचा पगार घेता."

"तसंच म्हण."

"छान आहे की मग काम. मला वाटायचं काहीतरी अवघड असेल."

पुढे वाळूची गाळणी सांगितली. वरती बारीक वाळू, खाली जाड, त्याखाली खडी. वाळूच्या थरापर्यंत तिचे डोळे मिटले. मी थांबलो नाही. क्लोरीन किती घालतात, का घालतात, टाकीत पाणी चढवताना कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, सगळं सांगितलं. शेवटी पाणी घराघरांत गेलं तेव्हा लेक कामावरून आली.

आजच्या दिवसाचा भाव मला कुणी विचारला तर सांगता येणार नाही.

२० मे, शनिवार

फार बोलत नाही. सकाळी लेकीला जवळ बसवून काहीतरी सांगत होती. मी आत गेलो तर म्हणाली, बाहेर बसा, बायकांचं चाललंय. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती.

मला बोलावून म्हणाली, "तळमजल्याच्या घराचं पक्कं केलंत?"

"केलं."

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"रस्त्याच्या."

"बरं झालं," म्हणाली.

२५ मे, गुरुवार

सकाळी ही गेली. मी शेजारी होतो. लेक चहा करत होती.

९ जून, शुक्रवार

मध्ये लिहिलं नाही. माणसं येत होती, आता थांबली. लेक कामावर जायला लागली. तिने विचारलं, बाबा, एकटे राहाल ना दिवसभर? म्हटलं, राहीन. शेजाऱ्यांचं लक्ष राहावं म्हणून दारं-खिडक्या तिने आपणहून उघड्या ठेवल्या. ती गेल्यावर मी हिच्या पलंगापाशी खुर्ची घेऊन बसलो. तिथे बसायची सवय लागली होती. दहा वाजता औषधाची वेळ झाली म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आलो.

मग केंद्रावर गेलो, कपडे न बदलता. मिशा पंपघराच्या दारात भेटला. माझा दंड धरून आत घेऊन गेला आणि चहा पाजला. पाणी गढूळ येत होतं, तुरटी वाढवली होती. त्याने मला मात्रा विचारली. त्याला माहीत होती, तरी विचारली.

आस्थापनेच्या कारकुनाने निरोप ठेवला होता म्हणून त्याच्या टेबलाशी गेलो. तो उठून उभा राहिला. वाईट झालं म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग बसायला सांगून माझा कागद काढला.

"हजरभाऊ, तुम्ही जूनअखेरपर्यंतची रजा मांडून ठेवली होती."

"हो. तेवढे दिवस लागतील असं धरलं होतं."

त्याने जूनच्या रकान्यावर बोट ठेवलं. "म्हणजे आता हे तीन आठवडे तसेच राहिलेत. मागची शिल्लक आहे ती वेगळी. तुम्ही ठरवा. तीस तारखेपर्यंत घरी बसायचं असेल तर बसा, हक्काचं आहे, कुणी काही म्हणणार नाही. नाहीतर सोमवारपासून हजर व्हा, म्हणजे हे दिवसही विक्रीत धरतो. भाव आता शेवटच्या पगाराचा आहे. याच्यावर नाही."

मी कागदाकडे पाहिलं. जूनचे सगळे दिवस ओळीने होते. यातला एक जरी मे महिन्यात नेता आला असता तर.

"विका," मी म्हणालो.

"सगळे?"

"सगळे."

त्याने दोन ठिकाणी खुणा केल्या आणि कागद माझ्याकडे वळवला. मी सह्या केल्या. त्याने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, मग नीट घडी घालून ठेवून दिला.

"शहाणपणाचं केलंत," तो म्हणाला. "नाहीतर लोक शेवटचे दिवस उगाच घरी बसून घालवतात."